तुंबलेल्या मोरीचा इतिहास

आषाढांतील पहिली मोठी सर आली कीं घरोघर एक ठरलेला प्रसंग घडतो. परसांतील मोरीचें पाणी पुढें सरकेनासें होतें, जाळीवर खरकटें तरंगूं लागतें आणि घरांतील वडील माणूस डोक्यावर छत्री धरून बाहेर येतो. तो प्रथम शेजाऱ्याला दोष देतो, मग नगरपालिकेला. शेवटीं कोणीतरी बांबूची लांब कांब आणून नळींत घालतें, आणि चिखल, केस, राख व चहाचा चोथा यांचा एक गोळा बाहेर निघतो. पाणी गडगडत निघून जातें, आणि त्याच्याबरोबर मोरीचा विचारही घरांतून निघून जातो. पुढच्या पावसाळ्यापर्यंत तिची आठवण कोणास होत नाहीं.

इतिहासकारांनींही मोरीला बहुधा असेंच वागविलें आहे. राजवाडे, देवळें, किल्ले यांचीं वर्णनें मोठ्या प्रेमानें लिहिलीं जातात. तेथील सांडपाणी कोठें जात होतें, हें क्वचितच सांगितलें जातें. वास्तविक मनुष्य नगरें वसवून राहूं लागला तेव्हांपासून हा प्रश्न त्याच्या पाठीस लागलेला आहे. नाली बांधणें ही एक विद्या आहे. नाली वाहती ठेवणें ही दुसरी. या दोहोंतील अंतर न ओळखल्यामुळें माणसांनीं वेळोवेळीं फार मोठी किंमत मोजली आहे.

या दोन्ही विद्या ज्यांना अवगत होत्या असें एक नगर आपल्याच उपखंडांत होऊन गेलें. आज पाकिस्तानांत असलेल्या सिंध प्रांतांतील मोहेंजोदडो येथें राखालदास बॅनर्जी यांनीं १९२२ सालीं उत्खनन आरंभिलें, आणि सुमारें साडेचार हजार वर्षांपूर्वींचें एक विटांचें शहर हळूहळू उजेडांत आलें. तेथील घरांत स्नानाची जागा पक्क्या विटांची असून तिला एका बाजूस उतार दिलेला असे. पाणी भिंतींतील वाटेनें बाहेर पडे. कांहीं घरांबाहेर तें प्रथम एका खड्ड्यांत किंवा रांजणांत पडे. गाळ तळाशीं बसे आणि वरचें पाणी रस्त्याच्या नालीला मिळे. नालीवर विटांचीं किंवा दगडी फरशीचीं झांकणें असत, आणि तीं उचलून नाली उघडतां येत असे. परंतु सर्वांत बोलका पुरावा याहून साधा आहे. उत्खनन करणाऱ्यांस नाल्यांच्या कडेला वाळूचे लहान लहान ढीग आढळले. नाली उपसून काढलेला तो गाळ होता. त्या लोकांची लिपी अद्याप उलगडलेली नाहीं, त्यांच्या राजाचें नांव कोणी वाचलेलें नाहीं. पण कोणीतरी ठराविक वेळीं झांकणें उचलून नाली साफ करीत होतें, ही गोष्ट वाळूच्या त्या ढिगांनीं जपून ठेवली आहे.

पुढें रोमन लोकांनीं याहून विशाल गटारें बांधलीं. इसवी सनापूर्वीं ३३ या वर्षीं अग्रिप्पा नांवाच्या बड्या अधिकाऱ्यानें रोम शहराचीं गटारें स्वखर्चानें साफ करविलीं, आणि त्यांतून नावेंत बसून तो टायबर नदीपर्यंत गेला. ही नौकेची सफर इतिहासांत अमर झाली. गाळ काढणारांचें नांव मात्र कोठें उरलें नाहीं. तें काम कोणाच्या वांट्यास येई, हें सुमारें दीडशें वर्षांनंतरच्या एका पत्रव्यवहारांत दिसतें. प्रांताधिकारी प्लिनी यानें सम्राट ट्राजन यास विचारलें कीं, पूर्वीं शिक्षा झालेले पण आतां सुखानें राहणारे कैदी आहेत, त्यांचें काय करावें? सम्राटानें उत्तर पाठविलें कीं, त्यांतील वृद्धांना शिक्षेहून फारसें दूर नसलेलें काम द्यावें, आणि अशा कामांत त्यानें गटारें साफ करणें हेंही गणलें. नगराला ज्याच्यावांचून एक दिवस चालावयाचें नाहीं, तें काम शिक्षेच्या रांगेंत जाऊन बसलें.

नाली तुंबली म्हणजे काय होतें, याचा धडा अर्वाचीन जगाला लंडनच्या एका घरानें शिकविला. १८५४ च्या ऑगस्टअखेर सोहो भागांत ब्रॉड स्ट्रीटच्या आसपास पटकीची साथ उसळली आणि थोड्याच आठवड्यांत सहाशेंहून अधिक माणसें दगावलीं. डॉक्टर जॉन स्नो यांनीं मृतांचीं घरें एकामागून एक तपासलीं. बहुतेकांचें पाणी एकाच पंपाचें आहे, हें ध्यानांत येतांच त्यांनीं तें अधिकाऱ्यांपुढें मांडलें, आणि ८ सप्टेंबर रोजीं पंपाचा दांडा काढण्यांत आला. परंतु विहिरींत विष आलें कोठून, हा प्रश्न उरलाच. हेन्री व्हाइटहेड या तरुण पाद्र्यानें तो उलगडला. पंपाशेजारच्या चाळीस नंबरच्या घरांत एक तान्ही मुलगी साथीच्या आरंभींच आजारी पडली होती. तिचीं दुपटीं आईनें धुतलीं आणि तें पाणी घराच्या दर्शनी बाजूच्या कुंडांत ओतलें. त्या कुंडांतून पाणी पुढें वाहून जावें असा मूळचा बेत. पण बांधणीच सदोष असल्यामुळें तें तेथेंच साचून राही. १८५५ सालीं जागा उकरून पाहिली, तेव्हां कुंडाच्या विटा ढिल्या झालेल्या आढळल्या. विहीर तेथून तीन फुटांच्याही आंत होती. आईनें जें केलें तें कोणतीही आई करील. दोष तिचा नव्हता. दोष होता तो कोणी उघडून न पाहिलेल्या त्या कुंडाचा.

त्यानंतर चार वर्षांनीं, १८५८ च्या उन्हाळ्यांत, थेम्स नदीची दुर्गंधी पार्लमेंटच्या सभागृहांत शिरली आणि मग मात्र पैसा मंजूर होण्यास वेळ लागला नाहीं. जोसेफ बॅझलजेट या स्थापत्यज्ञानें सांडपाणी शहराच्या पूर्वेस नेणारीं प्रचंड गटारें बांधलीं. त्या काळांत नालीचें शास्त्रही पक्कें झालें. गटाराचा आकार अंड्यासारखा, निमुळतें टोंक खालीं, असा ठेवूं लागले. कारण पाणी थोडें असलें तरी अरुंद तळांतून तें वेगानें वाहतें आणि गाळ बसूं देत नाहीं. घरच्या नाल्यांसाठीं आंतून गुळगुळीत, झिलईच्या भाजक्या नळ्या आल्या. नळीला बांक देऊन त्यांत थोडें पाणी कायम अडवून ठेवावें, म्हणजे गटारांतील वायु घरांत येत नाहीं, ही युक्ति तर अलेक्झांडर कमिंग यानें १७७५ सालींच पेटंट करून ठेवली होती. हाच बांक पुढें घरोघर गेला. आणि नळी तुंबते तीही बहुधा याच बांकापाशीं. ज्या वळणानें घराचें रक्षण होतें, त्याच वळणाची निगा अधिक ठेवावी लागते.

मुंबईंत वस्ती दाटली, तेव्हां दोन इमारतींच्या पाठींमध्यें एक अरुंद बोळ ठेवण्याची रीत पडली. तिला मुंबईकर ‘हाऊस-गल्ली’ म्हणतात. तींतून सांडपाण्याच्या नळ्या उतरतात, आणि त्या साफ करणाऱ्याला शिरतां यावें यासाठींच ती राखलेली असते. पण वरच्या मजल्यांवरून कचरा टाकण्यासही तीच जागा सोयीची ठरली. दर्शनी बाजूस रांगोळी आणि पाठीमागें उकिरडा, अशी इमारतीचीं दोन तोंडें झालीं. आणि पाठीमागच्या तोंडाशीं जो माणूस रोज उभा राहिला, त्याच्याकडे समाजानें पाठच फिरविली. रोमच्या सम्राटानें जें काम कैद्यांस दिलें, तें आपल्याकडे जन्मानें ठरविलें गेलें.

या रूढीला महाराष्ट्रांत एका माणसानें हातांत खराटा घेऊन उत्तर दिलें. अमरावती जिल्ह्यांत १८७६ सालीं जन्मलेले गाडगे महाराज गांवांत शिरले कीं प्रथम तेथील रस्ते झाडीत, गटारें उपसीत, आणि रात्रीं कीर्तनास उभे राहत. दिवसा ज्याला गटारांत पाहिलें, त्याच्याच तोंडून रात्रीं देवाचें नांव ऐकावयाचें, हें पाहून लोकांना जें समजलें तें नुसत्या उपदेशानें समजलें नसतें. १९५६ सालीं ते निवर्तले.

कायदा या वाटेनें फार उशिरां आला. हातानें मैला साफ करविण्यास १९९३ च्या कायद्यानें बंदी झाली. २०१३ च्या कायद्यानें गटारें व मैल्याच्या टाक्या यांत माणसाला संरक्षक साधनांवांचून उतरविणें हाही गुन्हा ठरविला. आणि हा निर्बंध नगरपालिकेप्रमाणें खासगी घरमालकासही लागू आहे. अशा मृत्यूंच्या वारसांना दहा लाख रुपये द्यावे, असें सर्वोच्च न्यायालयानें २०१४ सालीं सांगितलें. २०२३ सालीं ती रक्कम तीस लाख केली. रक्कम वाढवावी लागली, याचाच अर्थ मृत्यु थांबले नव्हते. कुजलेल्या गाळांतून सडक्या अंड्यासारख्या वासाचा एक वायु निघतो. तो थोडा असतां वास येतो, फार झाला म्हणजे नाकाला वासच कळेनासा होतो. आणि आंत उतरलेला माणूस हांक मारण्यापूर्वींच कोसळतो.

म्हणून परसांतील मोरी ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. भांडीं घासण्यापूर्वीं खरकटें वेगळें काढावें. तेल-तूप नळींत ओतूं नये, कारण तें थंड होतांच आंत थिजतें. जाळी रोज झाडावी. मृग लागण्यापूर्वीं झांकण उचलून वरच्यावर गाळ काढावा. एवढें ज्या घरीं होतें, तेथें कांब क्वचितच लागते. टाकी किंवा गटार खोल असेल, तर यंत्राची गाडी बोलवावी. चार पैसे वांचविण्यासाठीं माणूस उतरवूं नये. मोहेंजोदडोच्या गृहस्थानें दारापुढील वाळूचा ढीग पाहिला, तेव्हां आपलें पाणी कोणाच्या हातांवरून जातें हें त्याला दिसत होतें. आजच्या घराचीं झांकणें अधिक घट्ट बसतात. त्यांच्याखालचें दिसेनासें झालें आहे, एवढाच काय तो फरक.