माथेरानचा शोध

बदलापुराहून दक्षिणेकडे पाहिलें म्हणजे चंदेरीच्या सुळक्याची जी डोंगररांग दिसते, तीच पुढें माथेरानला जाऊन मिळते. १८५० च्या मे महिन्यांत ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनीं माथेरानचा 'शोध' लावला, असें आपण शाळेपासून वाचीत आलों. साहेब चौक गांवाकडून चढून गेले, त्यांस हवा मानवली, पुढें तेथें बंगले उठले, हें सर्व खरें. परंतु त्या माथ्यावर ठाकूर, धनगर व कातकरी यांचा वावर पूर्वींचाच. आणि 'माथ्यावरचें रान' ही नांवाची व्युत्पत्ति ग्राह्य धरली, तर ज्या डोंगरास मराठी नांव होतें तो अज्ञात कसा म्हणावा?

१८५६ सालीं कल्याणहून पळसदरीपर्यंत आगगाडी झाली व नेरळ मुंबईकरांच्या आटोक्यांत आलें. पुढें पीरभाय घराण्यानें दोन फूट रुंदीचा रूळमार्ग बांधून १९०७ मध्यें गाडी माथ्यावर नेली. सुमारें ८०० मीटर उंचीवरील ह्या गांवीं मोटारीस बंदी असल्यामुळें हवा निर्मळ राहिली. पण त्या निर्मळतेचें मोल हातरिक्षा ओढणाऱ्या मजुरांनीं आपल्या श्वासानें चुकविलें. २०२५ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ही प्रथा सहा महिन्यांत बंद करून त्यांच्या पुनर्वसनाची सोय करण्याचा आदेश दिला.

डोंगर दृष्टीस पडावयास साहेबांस एक उन्हाळा पुरला. त्यावर राबणारा माणूस आपल्या दृष्टीस पडावयास मात्र पावणेदोनशें वर्षें लागलीं. माथेरानचा खरा शोध कोणता, हें वाचकांनींच ठरवावें.