परमुलखातील वैधव्य

लोणंदच्या शिवारात बाजरीची कापणी झाली, की मागे राहिलेली कणसे वेचायला गरीब बायाबापड्या येतात. त्याला आपण सरवा वेचणे म्हणतो. जुन्या करारातील रूथ हेच करीत होती. ती मवाब देशची. पती वारल्यावर सासूचा हात धरून ती बेथलेहेमला आली. तिच्यापाशी ना पती होता, ना जमीन, ना त्या देशाचे नाते. तरी तिला त्या शेतात पाऊल टाकता आले. कारण उपरा, अनाथ आणि विधवा यांच्यासाठी शेतात काही मागे सोडावे, असा मोशेच्या नियमशास्त्राचा दंडकच होता. उपरेपण आणि वैधव्य ही दोन्ही संकटे एकाच स्त्रीवर कोसळू शकतात, हे त्या प्राचीन शास्त्राने ओळखले होते. आधुनिक राष्ट्रांच्या कायद्यांना मात्र ते उमगायला फार काळ लागला. त्याचीच ही हकिकत.

आपल्या परिसरातील मुले आज नोकरीसाठी आखाती देशांत जातात, इंग्लंड-अमेरिकेला जातात. मागोमाग पत्नी जाते, ती बहुधा पतीच्या परवान्यावर. पती हयात असेतो हा भेद कोणाच्या ध्यानात येत नाही. तो गेला, की पत्नीला प्रथमच कळते, की या देशात आपल्या स्वतःच्या नावाचा एकही कागद नाही.

एकोणिसाव्या शतकात गोष्ट वेगळी होती. पंडिता रमाबाईंचे पती बिपिन बिहारी मेधावी १८८२ साली वारले. पुढच्याच वर्षी रमाबाई तान्ह्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेल्या आणि १८८६ साली तेथून अमेरिकेला. त्यांच्या वाटेत रूढी आडवी आली, पैशाची ददात आड आली. परंतु इंग्लंडच्या बंदरात त्यांना कोणी व्हिसा विचारला नाही. त्या काळी विधवेला समाज अडवीत असे. पुढे हळूहळू ते काम राष्ट्रांच्या सीमांनी आपल्याकडे घेतले.

पहिला मोठा आघात दक्षिण आफ्रिकेत झाला. १४ मार्च १९१३ रोजी केप प्रांताच्या न्यायालयात न्यायमूर्ती सर्ल यांनी बाई मरियम या स्त्रीला पतीकडे येण्याची परवानगी नाकारली. बहुपत्नीत्वाला मुभा देणाऱ्या धर्माच्या रीतीने झालेला विवाह तेथील कायद्याला मान्य नाही, असा तो निर्णय होता. ख्रिस्ती विवाहाला त्याची झळ नव्हती. पण हजारो हिंदू व मुसलमान स्त्रिया एका दिवसात कायद्याच्या लेखी पत्नी उरल्या नाहीत. आणि जी पत्नीच नव्हे, तिला पतीच्या पश्चात विधवेचा हक्क तरी कोठून मिळणार? आपले नामदार गोखले आदल्याच वर्षी तो देश पाहून आले होते. लढ्यासाठी त्यांनी हिंदुस्थानातून निधी उभा केला. कस्तुरबांसह अनेक स्त्रिया तुरुंगात गेल्या, तेव्हा कोठे १९१४ च्या कायद्याने एकपत्नी विवाहांना मान्यता मिळाली.

अमेरिकेतील काला बगाई यांची कहाणी याहून करुण आहे. पती वैष्णो दास आणि तीन मुलगे यांच्यासह त्या १९१५ साली पेशावरहून सॅन फ्रान्सिस्कोला आल्या. पतीला १९२१ साली नागरिकत्व मिळाले. परंतु १९२३ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात हिंदी माणूस ‘गोरा’ नाही असे ठरविले आणि बगाईंचेही नागरिकत्व हिरावले गेले. १९२८ साली त्या खचलेल्या गृहस्थाने जीवनाचा अंत केला. काला बगाईंना इंग्रजी फारसे येत नव्हते, नागरिकत्व नव्हते. तरी त्या तेथेच राहिल्या, मुलांना शिकविले आणि १९४६ च्या कायद्याने हिंदी लोकांना दार उघडल्यानंतर अमेरिकेच्या नागरिक झाल्या. आज बर्कली शहरातील एका रस्त्याला त्यांचे नाव आहे.

पुढेही कायदा बदलला तो कोणाच्या तरी शोकानंतरच. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यात मेलेल्यांत परदेशी नागरिकही होते. त्यांच्यावर अवलंबून असलेल्या पत्नी-मुलांचा परवाना त्यांच्याबरोबरच संपत होता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये झालेल्या कायद्याने त्यांना वर्षभर राहण्याची मुभा आणि कायम वास्तव्यासाठी वाट दिली. तरीही, लग्नाला दोन वर्षे होण्याआधी अमेरिकन पती वारला, तर परदेशी विधवेचा प्रलंबित अर्ज सरकार निकाली काढी. लोक याला ‘विधवेचा दंड’ म्हणत. विधवांनी न्यायालयांत दाद मागितली आणि २८ ऑक्टोबर २००९ च्या कायद्याने तो दंड गेला. आता अमेरिकन नागरिकाच्या विधवेला किंवा विधुराला, पुनर्विवाह केला नसेल, तर मृत्यूनंतर दोन वर्षांच्या आत स्वतःच्या नावाने अर्ज करता येतो.

मात्र तात्पुरत्या नोकरीवर गेलेल्याच्या पत्नीला हे छत्र नाही. २२ फेब्रुवारी २०१७ रोजी कॅन्सस राज्यात श्रीनिवास कुचिभोतला या हैदराबादच्या अभियंत्याची वर्णद्वेषातून हत्या झाली. अंत्यविधीसाठी भारतात आलेल्या त्यांच्या पत्नी सुनयना दुमला यांचा तेथे राहण्याचा आधारही त्याच रात्री संपला होता. एका लोकप्रतिनिधीने खटपट केली म्हणून त्यांना परतता आले. ज्यांच्यासाठी असे कोणी उभे राहत नाही, त्यांची नावे वर्तमानपत्रांत येत नाहीत.

इंग्लंडने २०२० च्या महामारीत जाहीर केले, की मृत डॉक्टर-परिचारिकांच्या परदेशी कुटुंबीयांना कायम वास्तव्य मिळेल. रुग्णालयांतील सफाई कामगार व वृद्धाश्रमांतील सेवक यांना त्यातून वगळले होते. त्यावर गहजब झाला आणि त्या वर्षी २० मे रोजी त्यांचाही समावेश झाला. संयुक्त अरब अमिरातीने ऑक्टोबर २०१८ पासून विधवांना कोणाच्या हमीविना एक वर्ष राहण्याची सवलत दिली. दुःखाच्या पहिल्या महिन्यांत घरदार आवरण्याचा हुकूम नको, एवढे तरी तीत मानले गेले.

या साऱ्या इतिहासातून एक गोष्ट स्पष्ट होते. पत्नीला पतीची सावली समजणारा कायदा आपणहून क्वचितच सुधारला. कोणी तरी दुखावलेल्या स्त्रीने दार ठोठावल्यावरच तो हलला. मुलीला निरोप द्यायला आपण लोणंदच्या स्टेशनवर जातो, तेव्हा डोळे पुसतो, शिदोरी बांधून देतो. त्या शिदोरीबरोबर तिचे स्वतःचे पारपत्र, विवाहाच्या दाखल्याची प्रत, तिच्या नावाचे बँकेचे खाते आणि भारतीय वकिलातीचा पत्ता हेही तिच्यापाशी असू द्यावे. यात अभद्र काही नाही. रूथसाठी शेतात कणसे मागे सोडणाऱ्यांना ती येणार हे ठाऊक नव्हते. तरी त्यांनी ती सोडली होती.