मीठ, मोटार आणि परराज्याची नंबरप्लेट

पोलादपूरच्या नाक्यावर कधी तासभर उभे राहा आणि फक्त नंबरप्लेट वाचा. एमएच तर असतातच. जीए आणि केएसुद्धा रोजच्याच, कारण हायवे गोव्याला जाणारा आहे. पण मधूनच कोटी-दीड कोटीची एखादी गाडी चहाला थांबते आणि प्लेटवर 'पीवाय' असतं. पीवाय म्हणजे पुदुच्चेरी. आतून उतरलेली माणसं मात्र अस्सल मराठीत वडापाव मागतात. गाडी पुदुच्चेरीची आणि माणसं पुण्या-मुंबईची, हे कसं?

उत्तर सगळ्यांना माहीत आहे : टॅक्स. पण हा प्रकार आजचा नाही, म्हणून थोडं मागे जाऊन सांगतो.

मागे म्हणजे थेट १६७१. तेव्हा गोव्याचा बारदेश पोर्तुगिजांकडे होता. तिथलं मीठ स्वस्त, आपलं संगमेश्वरकडचं महाग. साहजिकच उदमी बारदेशाकडे वळायला लागले. शिवाजी महाराजांनी कुडाळचे सुभेदार नरहरी आनंदराव यांना लिहिलं, की बारदेशाच्या मिठावर जबर जकात बसवा, म्हणजे ते संगमेश्वरच्या मिठाच्या भावाला येऊन टेकेल. नाहीतर सगळा व्यापार तिकडे जाईल आणि आपली बंदरं बसतील. शेजारी स्वस्त देतो म्हणून आपणही दर पाडू, असं त्या पत्रात नाही. उलट बाहेरून स्वस्तात आलेल्या मालाला हद्दीवर गाठायचं, हा हिशोब आहे. हे पत्र इतिहासाच्या पुस्तकांत बहुतेक वेळा 'स्वदेशी' म्हणून येतं. मला ते करवसुलीचं पत्र वाटतं, आणि चांगल्यापैकी हुशार करवसुलीचं.

आता मोटारीकडे येऊ. १९२७ साल महाडकरांना वेगळं सांगायला नको. २० मार्चला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. त्याच वर्षी सरकारने बॅरिस्टर मुकुंदराव जयकरांच्या अध्यक्षतेखाली रस्ते समिती नेमली. १९२८ च्या अहवालात समितीने सांगितलं, की मोटारी वाढतायत, रस्ते खराब होतायत, तेव्हा पेट्रोलवर जादा कर घ्या आणि तो रस्त्यांवरच खर्च करा. पुढे १९२९ मध्ये गॅलनमागे २ आणे जादा बसले आणि त्यातून रस्ते निधी उभा राहिला. योगायोग बघा, सावित्रीवरचा आपला जुना दगडी पूलही १९२८ चाच. तो २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री दोन एसटी गाड्यांसकट वाहून गेला. 'रोड टॅक्स' हा शब्द ऐकला की मला आधी तो पूल आठवतो, नंतर आरटीओ.

स्वातंत्र्यानंतर घटनेने वाहनांवरचा कर राज्यांच्या यादीत टाकला, नोंद क्रमांक ५७. आपल्याकडे १९५८ चा मुंबई मोटार वाहन कर कायदा आला, तोच नाव बदलून आजही चालतो. म्हणजे देश एक, गाडी एक, पण दर प्रत्येक राज्याचा वेगळा. जिथे दर वेगळे तिथे मिठाची गोष्ट पुन्हा सुरू होणारच.

झालंही तसंच. पुदुच्चेरीत कर कमी, म्हणून तिथला भाड्याचा पत्ता दाखवून महागड्या गाड्या तिकडे नोंदवल्या जाऊ लागल्या. २०१७ मध्ये केरळात मोठा गाजावाजा झाला, मल्याळी सिनेमातली नामवंत मंडळी चौकशीत आली. कायदा तसा स्पष्ट आहे. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ४० : मालक जिथे राहतो किंवा धंदा करतो आणि गाडी जिथे एरवी उभी असते, तिथेच नोंदणी. कलम ४७ : दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिली तर तिथला नवा नंबर घ्या. पण गाडी नेमकी किती महिने कुठे होती, हे मोजत कोण बसणार? ह्या फटीवरच सगळा धंदा उभा आहे.

आणि महाराष्ट्राने काय केलं? २०१७ मध्ये जीएसटी आला, जकात गेली. भरपाई म्हणून सरकारने वाहन कर २ टक्क्यांनी वाढवला. पेट्रोल गाडीला किमतीप्रमाणे ११, १२, १३ टक्के. डिझेलला १३, १४, १५. आयात केलेल्या किंवा कंपनीच्या नावावरच्या गाडीला सरसकट २०. आणि त्याच निर्णयात एक ओळ घातली, की कुठल्याही गाडीला २० लाखांपेक्षा जास्त कर नाही. कारण दिलं ते असं, की महाग गाड्या बाहेरच्या राज्यांत नोंदवल्या जातात, त्या इथे राहाव्यात.

म्हणजे १६७१ च्या बरोबर उलट.

ह्याचा परिणाम जुलै २०२५ मध्ये बंगळुरूला दिसला. तिथल्या आरटीओने एक लाल फेरारी अडवली. गाडी कर्नाटकात फिरत होती आणि प्लेट होती एमएच! आपल्याला पीवाय म्हणजे पळवाट वाटते, कर्नाटकवाल्यांना आपली एमएच पळवाट वाटते. मालकाला एका दिवसात १ कोटी ४१ लाखांवर रक्कम भरावी लागली. बातम्यांत गाडीची किंमत साडेसात कोटींच्या आसपास सांगितली होती. तेवढ्या किमतीच्या गाडीला आपल्याकडे २० लाखांची मर्यादा, म्हणजे पावणेतीन टक्केसुद्धा नाहीत. आता आपल्या वाडीवरचा माणूस घेतो ती शंभर सीसीच्या आतली मोटारसायकल धरा. तिला १० टक्के. ८० हजारांच्या गाडीवर ८ हजार. त्याला मर्यादा नाही, सवलत नाही, आणि पुदुच्चेरीत पत्ता तर नाहीच नाही. १ जुलै २०२५ पासून ती मर्यादा ३० लाख केली आहे. साडेसात कोटींना ४ टक्के झाले. मोटारसायकलचे १० ते १०च.

करमाफी दिली तरी हातून काय सुटतं तेही बघितलंय आपण. मे २०२४ मध्ये कल्याणीनगरला दोघांचा जीव घेणारी पोर्शे इलेक्ट्रिक होती, म्हणजे तिला रोड टॅक्स शून्य. बाकी होती फक्त नोंदणीची १,७५८ रुपये फी. तीही भरलेली नव्हती. कर्नाटकच्या तात्पुरत्या नोंदणीवर गाडी पुण्यात धावत होती.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण म्हणजे आपल्याच तालुक्यातला एक तरुण. पुण्यात आयटीत आहे, गणपतीला नवी गाडी घेऊन गावी यायचं मनात आहे. त्याला ६० लाखांची पेट्रोल गाडी चार वर्षांच्या लीजवर मिळतेय. एजंट म्हणाला, पासिंग बाहेरच्या राज्यात करू, हप्ता कमी बसेल. "दादा, ह्यात काही लोचा तर नाही ना?"

कागदावर मांडून बघितलं. गाडी त्याच्या नावावर, लीजची नोंद आरसीवर, असं असेल तर इथला कर १३ टक्के, म्हणजे ७ लाख ८० हजार. लीज कंपनीच्या नावावर असेल तर २० टक्के, १२ लाख. ४८ महिन्यांत वाटले तर पहिल्यात महिन्याला १६,२५०, दुसऱ्यात २५,०००. एजंट 'वाचवतो' म्हणतो ते हेच पैसे. पण गाडी पुण्यातच राहणार, त्यामुळे बाहेरची नोंदणी कलम ४० मध्ये पहिल्याच दिवशी बसत नाही. उद्या इथला कर भरायची वेळ आली तर तो कंपनी भरणार की हा? लीजच्या करारात सरकारी कर आणि दंड बहुधा गाडी वापरणाऱ्याच्याच गळ्यात असतात. कायद्याचं कलम २(३०) तर लीजवरची गाडी ज्याच्या ताब्यात, त्यालाच मालक धरतं. खोट्या पत्त्याच्या कागदावर सही करणाराही तोच.

कंपनीची ऑफिसं चार किंवा जास्त राज्यांत असतील तर सरळ मार्ग आहे : बीएच मालिका, सप्टेंबर २०२१ पासून. २० लाखांवरच्या पेट्रोल गाडीला १२ टक्क्यांचा दर. बदली झाली तरी नंबर बदलत नाही.

त्याला म्हटलं, एजंटकडून दोन गोष्टी लेखी घे. आरसी कोणाच्या नावावर निघणार, आणि इथला कर मागितला तर भरणार कोण. त्याने व्हॉट्सॲपवर विचारलं. निळ्या टिका आल्यात, उत्तर अजून नाही.