वारल्यांचा चौक बाजारांत येतो

डहाणू आणि तलासरी या दोन तालुक्यांची ओळख शहरांतील सुशिक्षित कुटुंबांना पूर्वीं रेल्वेच्या खिडकींतून होत असे. एका बाजूस समुद्र, चिकूच्या वाड्या आणि ताडाचीं झाडें. दुसऱ्या बाजूस सह्याद्रीकडे चढत गेलेलें रान आणि त्या रानांत विखुरलेले पाडे. आज त्याच घरांतील चहाच्या तबकावर, उशीच्या अभ्र्यावर किंवा दिवाणखान्याच्या भिंतीवर तांबूस जमिनीवर पांढऱ्या रेघांनीं काढलेलीं माणसें नाचतांना दिसतात. दोन त्रिकोण टोकाशीं टोक लावून जोडले कीं धड होतें, वर एक वाटोळें ठेवलें कीं डोकें होतें. हीं माणसें त्या पाड्यांतूनच आलीं. पण तीं आलीं कशीं, आणि येतांना त्यांच्या मागें काय राहिलें, हें फारसें कोणी विचारीत नाहीं.

मूळ चित्र विकावयाचें नव्हतेंच. वारल्यांच्या घरांत लग्न निघालें म्हणजे कारवीच्या कुडाची भिंत शेणमातीनें सारवून तिच्यावर गेरूचा हात फिरवावयाचा आणि सवासिनींनीं तीवर चौक लिहावयाचा, अशी रीत. तांदूळ भिजवून वाटावयाचा, तें पांढरें पीठ पाण्यांत कालवावयाचें आणि बांबूच्या काडीचें टोक ठेचून त्याचा कुंचला करावयाचा, सामग्री एवढीच. चौकटीच्या मध्यभागीं पालघाट देवी. ती सृष्टीच्या सुफलतेची देवता. तिच्याविना लग्न लागत नाहीं. जवळच पंचशिऱ्या देव. चौकटीबाहेर मात्र हात मोकळा सुटतो : झाडें, माकडें, मोर, ताडी काढणारा, घोड्यावरचीं नवरानवरी, आणि तारप्याभोवतीं वेटोळें घालून नाचणारी मंडळी. धवलेरी गीत म्हणते आणि तिच्या शब्दांनीं देव घरांत येतात. लग्न उरकलें कीं चित्राचें काम झालें. तें धुरानें काळवंडलें, पावसांत ओघळलें, तरी कोणास खंत नसे. पुढचें लग्न पुढची भिंत मागणार होतेंच. टिकाऊपणा हा त्या चित्राचा गुण नव्हता, आणि किंमत हा शब्द तर त्याच्या जवळपासहि फिरकला नव्हता.

किंमतीचा प्रश्न या मुलखांत निघाला तो प्रथम गवताच्या आणि लांकडाच्या निमित्तानें. सावकार आणि जमीनदार यांच्या शेतांवर आणि कुरणांत वारल्यांना वेठीनें राबावें लागे. लग्नासाठीं काढलेलें कर्ज फेडतां फेडतां नवरा व बायको दोघेंहि लग्नगडी होऊन जन्मभर धन्याच्या दारीं राहात. म्हणजे ज्या लग्नासाठीं चौक लिहिला तेंच लग्न दास्याचें कारण होई. मे १९४५ मध्यें झरी येथें किसान सभेची परिषद भरली आणि शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या पुढारीपणाखालीं वारल्यांनीं वेठ नाकारली. पुढें गवतकापणीच्या मजुरीवरून संप झाला. १० ऑक्टोबर १९४५ रोजीं तलवाडा येथें जमलेल्या लोकांवर पोलिसांनीं गोळीबार केला व त्यांत पांच वारली ठार झाले. गोदावरीबाईंनीं हा सारा इतिहास ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या ग्रंथांत लिहिला. तो १९७० सालीं प्रसिद्ध झाला. हाताच्या श्रमाला दाम मागण्याचा धडा या लोकांनीं चित्रकलेच्या आधीं तीस वर्षें गिरविला होता, हें लक्षांत ठेवणें पुढील हकीकतीसाठीं अगत्याचें आहे.

ती हकीकत बिहारांतून सुरू होते. १९६६-६७ च्या दुष्काळांत अखिल भारतीय हस्तव्यवसाय मंडळाच्या पुपुल जयकर यांनीं मिथिलेंतील बायकांना कांहीं उत्पन्न मिळावें म्हणून भिंतीवरचीं त्यांचीं चित्रें कागदावर उतरवून घेण्याची योजना केली आणि त्या कामीं भास्कर कुळकर्णी या मराठी चित्रकारास मधुबनीकडे पाठविलें. तेथें योजना फळली. तेव्हां १९७० नंतरच्या आरंभींच्या वर्षांत तेच कुळकर्णी कागद आणि रंग घेऊन डहाणूच्या पाड्यांत आले. चौक लिहिणाऱ्या सवासिनींच्या हातीं त्यांनीं कागद दिले. परंतु अनोळखी शहरी पुरुषापुढें बसून, लग्न नाहीं कीं देव नाहीं अशा वेळीं, एका कोऱ्या तुकड्यावर चित्र काढावयाचें, हें त्यांना कसेंसेंच वाटलें असल्यास नवल नाहीं. त्या संकोचल्या आणि पुढें आला तो एक पुरुष.

त्याचें नांव जिव्या सोमा म्हसे. जन्म १९३४ चा, तलासरी तालुक्यांतील धामणगांवचा. पुढें त्याचा संसार डहाणू तालुक्यांतील गंजाड येथें झाला. लहानपणीं आई गेल्याच्या धक्क्यानें त्याची वाचा कांहीं काळ बंद पडली आणि तो धुळींत रेघा ओढून मनांतलें सांगत असे, असें त्याच्याविषयीं सांगतात. लग्नाची वाट न पाहतां रोज चित्र काढणारा हा मनुष्य. त्याच्या कागदावर पालघाट देवी मागें सरली आणि तिच्या जागीं मासेमारीचें जाळें, मुंग्यांचें वारूळ, भातलावणी, आगगाडी असें सारें पसरलें. बारीक रेघांचें जाळें तर असें कीं पाहणाऱ्याची नजर त्यांतच अडकून राहावी. १९७५ सालीं मुंबईस केकू गांधी यांच्या ‘केमोल्ड’ कलादालनांत त्याचें प्रदर्शन झालें. १९७६ मध्यें त्याला राष्ट्रीय पारितोषिक मिळालें. १९८९ सालीं पॅरिस येथें जगांतील शंभरांवर कलावंतांचें जें गाजलेलें प्रदर्शन भरलें त्यांत त्याचीं चित्रें होतीं, आणि मिथिलेच्या बउआ देवीचींहि होतीं. भास्कर कुळकर्ण्यांच्या दोन्ही प्रवासांचीं फळें अशीं एका छताखालीं आलीं. २०११ सालीं सरकारनें त्याला पद्मश्री दिली. १५ मे २०१८ रोजीं तो वारला.

यांत एक उलटापालट झाली ती सहसा कोणी बोलून दाखवीत नाहीं. जोंवर चित्राला दाम नव्हता तोंवर तें बायकांचें होतें. दाम आला आणि तें बहुतांशी पुरुषांचें झालें. याचा दोष जिव्यास देणें अन्यायाचें होईल. घराबाहेर पडून शहरांत जाणें, कलादालनांत उभें राहणें, व्यापाऱ्याशीं बोलणें हें सारें ज्याला करतां येई त्याच्याकडे धंदा गेला. कांहीं वर्षांनीं वारली मुलींनींहि कुंचला हातीं घेतला, परंतु नांवें गाजलीं तीं पुरुषांचीं. देवीचा चौक ज्यांनीं पिढ्यान् पिढ्या लिहिला त्या सवासिनींपैकीं एकीचेंहि नांव कलेच्या इतिहासांत ठळकपणें आलें नाहीं.

कागदानंतर वस्तूंची पाळी आली. आधीं कापड, मग मातीचें भांडें, लांकडी पेटी, किटली, साडी, हॉटेलची भिंत. वस्तु तीच, परंतु हातानें रंगविली कीं तिचा भाव निराळा, ही युक्ति कांहीं एकट्या डहाणूची नव्हे. अमेरिकेंत १८८८ सालीं न्यूयॉर्कच्या उंचावरील रेल्वेच्या फलाटांवर थॉमस अॅडम्स यांच्या कंपनीनें नाणें टाकल्यावर चघळण्याचा गोंद देणारीं यंत्रें बसविलीं. १८९७ मध्यें पल्व्हर नांवाच्या कारखान्यानें अशा यंत्रांत हालतीं चित्रें घातलीं. कारण लोक गोंदाला भुलत तितकेच बाहुल्यांनाहि भुलत. पुढें गोळ्या विकणारीं जुनीं यंत्रें घ्यावयाचीं, घांसून हौसेनें रंगवावयाचीं आणि मूळ किंमतीपेक्षां महाग विकावयाचीं, असा एक छोटा उद्योगच तिकडे चालू लागला. तेथें मात्र रंगविणारा आपल्या मर्जीनें रंगवितो आणि त्याच्या रंगावर दुसऱ्या कोणाच्या देवाचा हक्क नसतो. वारली चित्राची गोष्ट तेथेंच वेगळी पडते.

२०१० सालच्या दिवाळींत कोका-कोला या पेयाच्या जाहिरातींत वारली चित्रें झळकलीं आणि तीं देशभर लक्षावधि लोकांनीं पाहिलीं. एखाद्या पाड्यावरील आकृतींना एवढा प्रेक्षकवर्ग पूर्वीं कधींच लाभला नव्हता. परंतु ज्यांना या आकृति साध्या वाटतात त्यांना त्या उचलणेंहि सोपें वाटतें, हें संकट त्यासोबतच आलें. त्रिकोण कोणासहि काढतां येतो. छापखान्यांत एकदां साचा केला कीं हजारों कप छापले जातात आणि त्यांपैकीं एकाचीहि मजुरी गंजाडला किंवा तलासरीला पोंचत नाहीं. हातानें काढलेल्या एका कापडाला जितके दिवस लागतात तितक्या वेळांत यंत्र अख्खी बाजारपेठ भरून टाकतें, आणि गिऱ्हाईक म्हणतें, ‘‘तेंच चित्र तिकडे स्वस्त मिळतें!’’

म्हणून डहाणूच्या आदिवासी युवा सेवा संघानें १९९९ च्या भौगोलिक निर्देशनाच्या कायद्याचा आधार घेतला आणि २०१४ सालीं वारली चित्रकलेची त्या कायद्याखालीं नोंदणी झाली. त्याच वर्षाच्या १ ऑगस्टला ठाणें जिल्हा विभागून पालघर हा नवा जिल्हा झाला, हा योगायोग. या नोंदणीचा अर्थ असा कीं ‘वारली चित्र’ हें नांव त्या प्रदेशाबाहेरील कोणाच्याहि मालावर लावतां येऊं नये. पण कायदा नांवाचें रक्षण करतो, रेघेचें नव्हे. नांव न घालतां कोणी त्रिकोणांचीं माणसें छापलीं तर त्याला अडविणें बिकट आहे. शिवाय न्यायालयांत जावयाचें तर वकील हवा, पैसा हवा, वेळ हवा. भातलावणीच्या दिवसांत या तिन्हींची टंचाई असते.

तरीहि या व्यापाराला नुसतें नष्टचर्य म्हणून सोडतां येत नाहीं. ज्या घरांतले पूर्वज जमीनदाराच्या गवताचे भारे डोक्यावर वाहात होते, त्या घरांतले तरुण आपल्या चित्राचा भाव आपण सांगतात, कमी दिल्यास नाकारतात. १९४५ च्या आठवणीपुढें ही गोष्ट लहान नाहीं. शहरांत राहणाऱ्या कुटुंबाला खरें चित्र आणि छापील चित्र यांतला भेद ओळखावयाचा असेल तर रेघेकडे जरा जवळून पाहावें. हाताची रेघ कोठें जाड होते, कोठें रंग संपत आल्यानें फिकी पडते, नाचणाऱ्यांच्या वेटोळ्यांतला एखादा मनुष्य शेजाऱ्यापेक्षां बुटका निघतो. छापील वेटोळ्यांत सर्व माणसें एकाच उंचीचीं असतात.

जिव्या म्हसे यांचे पुत्र सदाशिव आणि बाळू यांनीं बापाचा कुंचला पुढें चालविला. गंजाडच्या आसपासच्या पाड्यांत चित्रें काढणारीं घरें आतां पुष्कळ आहेत. तांदळाच्या पिठाऐवजीं बाटलींतला पांढरा रंग असतो, आणि कापड आधीं शेणाच्या किंवा गेरूच्या पाण्यानें रंगवून वाळत घातलेलें असतें. लग्नाचा चौक मात्र विक्रीच्या कापडावर उतरत नाहीं. त्याला भिंत लागते, धवलेरीचें गाणें लागतें, आणि तो लिहावयास सवासिनी लागतात.