‘ओनरशिपची जागा’

मुंबईत लग्नं जुळवणाऱ्या मावश्या-आत्यांच्या तोंडी एके काळी एक प्रश्न हमखास असे : ‘जागा ओनरशिपची आहे ना?’ पत्रिका, पगार नंतर. आता गंमत बघा, गावाकडच्या वाड्याला कुणी ‘ओनरशिपचा वाडा’ म्हणत नाही, सातबाऱ्यावरच्या शेताला ‘ओनरशिपचं शेत’ म्हणत नाही. तिथे मालकी न सांगता कळते. हा शब्द चिकटला तो फक्त इमारतीतल्या फ्लॅटला, म्हणजे नेमका तिथे, जिथे मालकी कशाची हे सांगणं सर्वांत अवघड होतं.

अडचण जुनीच. आपल्याकडे आलेला इंग्रजी कायदा जमिनीपासून विचार करतो : जमीन ज्याची, तिच्यावरचं बांधकाम त्याचं. एका घराला हे ठीक. पण तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांचं काय? खाली दोन बिऱ्हाडं, डोक्यावर एक, जिना सगळ्यांचा, गच्ची सगळ्यांची, आणि पायाखाली जमीन म्हणून काहीच नाही.

यातून पहिली वाट काढली ती राव बहादूर श्रीपाद सुब्राव तालमकी यांनी. शामराव विठ्ठल बँक उभी करणारे हे चित्रापूर सारस्वत गृहस्थ. 1904 च्या सहकार कायद्यात फक्त पतसंस्थांना जागा होती. 1912 च्या कायद्याने इतर प्रकारच्या संस्थांनाही दार उघडलं. लगेच तीन वर्षांत, 1915 साली, गावदेवीत सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली. युक्ती अशी : जमीन संस्थेची, इमारत संस्थेची, आणि संस्था सभासदांची. सभासद तिथे राहायचा तो भाडेकरू म्हणून, पण ज्या मालकाला भाडं द्यायचं त्या मालकात त्याचाही वाटा. स्वतःच स्वतःचा भाडेकरू! ‘ओनरशिप’ हा शब्द या व्यवस्थेच्या आसपासही नव्हता.

तो आला बाजारातून, आणि त्याला आणलं भाडेनियंत्रणाने. 1947 च्या मुंबई भाडे कायद्याने जुन्या घरांची भाडी 1 सप्टेंबर 1940 च्या पातळीला बांधून टाकली. भाडेकरू बचावला, पण भाड्यासाठी चाळ बांधण्यात मालकाला राम उरला नाही. रिकाम्या खोलीची किल्ली मिळवायला हातावर रोकड ठेवावी लागे, ती पागडी. कायद्याने ती घेणं गुन्हा होतं, त्यामुळे पावती नसे आणि रक्कम मोठी असे. (तोच व्यवहार पुढे 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याने, 2000 पासून, कायदेशीर करून टाकला.) ज्याच्याकडे पैसा होता पण पागडी देऊनही भाडेकरूच राहायचं नव्हतं, त्याच्यासाठी बिल्डरांनी नवी भाषा काढली. खोली भाड्याने नाही, पागडीने नाही, ‘ओनरशिप बेसिस’वर. पुढचा ‘बेसिस’ मराठीने गाळला आणि ओनरशिपला ‘ची’ लावला.

‘बेसिस’ मात्र गाळायला नको होता, कारण खरी गोम त्यातच होती. मालकी नव्हे, मालकीच्या तत्त्वावर. पैसे घेऊन ताबा दिला, पण जमीन बिल्डरच्या नावावर. नकाशात एक, प्रत्यक्षात भलतंच. एकच फ्लॅट दोघांना विकलेला. तक्रारी इतक्या झाल्या, की महाराष्ट्र राज्य जन्मून जेमतेम वीस दिवस होत होते, तेव्हा 20 मे 1960 रोजी सरकारने चौकशी समिती नेमली. जून 1961 मध्ये तिचा अहवाल आला, आणि 1963 मध्ये महाराष्ट्र ओनरशिप फ्लॅट्स कायदा. जिना-लिफ्टच्या शहरात ज्याला सगळे ‘मोफा’ म्हणतात, तो हाच. कायद्याने प्रास्ताविकातही बाजाराचेच शब्द उचलले. विक्रेत्याचा शब्द सरकारी राजपत्रात गेला.

मोफाने बिल्डरला बरंच बांधून घातलं. लेखी करार करून तो नोंदवल्याशिवाय किमतीच्या वीस टक्क्यांहून जास्त आगाऊ रक्कम घ्यायची नाही. ठरावीक संख्येने फ्लॅट गेले की संस्था नोंदवायची. आणि सर्वांत महत्त्वाचं, जमीन व इमारत त्या संस्थेच्या नावे करून द्यायची, म्हणजे ‘कन्व्हेयन्स’ करायचं. करारात मुदत ठरली नसेल, तर संस्था नोंदल्यापासून चार महिन्यांत. म्हणजे मोफाचं गणित शेवटी तालमकींच्याच वाटेने गेलं. मालक संस्था. तुमच्या हाती शेअर सर्टिफिकेट, बहुतेक वेळा पन्नास-पन्नास रुपयांच्या पाच-दहा भागांचं. लाखो रुपयांच्या घराचा पुरावा म्हणून हा अडीचशे-पाचशे रुपयांचा कागद आम्ही कपाटात जपतो, त्याचं मला नेहमी नवल वाटतं.

या कागदामागे मालमत्ता आहे तरी का, हा प्रश्न 1975 मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आला, तोही उलट्या बाजूने : सभासदाचं देणं वसूल करायला त्याचा फ्लॅट जप्त करून विकता येईल का? न्यायालयाने सांगितलं, येईल. संस्थेच्या फ्लॅटमधला राहण्याचा हक्क ही मालमत्ताच आहे. जप्ती आली तेव्हा मालकी सिद्ध झाली!

थेट मालकीची दुसरी वाट 1970 च्या अपार्टमेंट ओनरशिप कायद्याने दिली. तिथे संस्था मध्ये नाही. घोषणापत्र नोंदवायचं, प्रत्येकाला आपल्या अपार्टमेंटचं स्वतंत्र खत आणि जमीन-जिना-गच्चीत अविभक्त हिस्सा. सोसायटीत एका सभासदाला एक मत. इथे हिश्श्याच्या प्रमाणात मत. पुण्यात घर बघायला गेलात की ‘सोसायटी की अपार्टमेंट?’ हा प्रश्न कानावर पडतो, तो याच दोन कायद्यांमुळे. मुंबईने मात्र सोसायटीच धरून ठेवली.

आणि मुंबईतच मोफाचं मर्म कोरडं राहिलं. चार महिन्यांचं कन्व्हेयन्स चाळीस वर्षं झालं नाही, अशा सोसायट्या गल्लोगल्ली आहेत. बिल्डरला घाई कशाची? एफएसआय, म्हणजे जमिनीवर किती बांधता येईल त्याचं प्रमाण, वाढला की वाढीव बांधकामाचा हक्क जमीन ज्याच्या नावे तो सांगणार. शेवटी 2008 मध्ये कायदा बदलून ‘डीम्ड कन्व्हेयन्स’ आलं : बिल्डर सही देत नसेल, तर संस्थेने जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करायचा आणि त्याने चौकशी करून हक्क बहाल करायचा. सरकारी मराठीत याला ‘मानीव अभिहस्तांतरण’ म्हणतात. शब्द उच्चारतानाच अर्धी सभा दमते.

एवढ्यासाठी एक काम करा. पुढच्या सर्वसाधारण सभेत पाण्याची टाकी आणि पार्किंग यांच्यावर भांडून झालं, की आपल्या इमारतीखालच्या जमिनीची मिळकत पत्रिका किंवा सातबारा मागा, आणि धारकाच्या रकान्यात कुणाचं नाव आहे ते वाचून घ्या.