देवस्थानाची वही

चेन्नईच्या टी. नगरमधील पनगल पार्कभोवती आज रेशमी वस्त्रांची आणि सोन्याची दुकाने दाटली आहेत. ज्यांचे नाव ह्या उद्यानाला लाभले ते पनगलचे राजे रामरायनिंगार १९२१ ते १९२६ ह्या काळात मद्रास इलाख्याचे मुख्यमंत्री होते. ज्यांच्या नावाने ही वसाहत ओळखली जाते ते सर पिट्टी त्यागराय चेट्टी जस्टिस पक्षाचे एक संस्थापक. वसाहतीचे रस्ते आखले जात असतानाच पनगल मंत्रिमंडळ दुसरी एक रेषा आखू पाहत होते : देवस्थान कोठे संपते आणि सरकार कोठे सुरू होते, ही.

ही रेषा पूर्वीच एकदा पुसली गेली होती. १८१७ च्या सातव्या रेग्युलेशनने कंपनी सरकारने देवळांच्या आणि मशिदींच्या इनामांची देखरेख आपल्याकडे घेतली. महसूल खाते देवळाचे दप्तर तपासू लागले आणि गोऱ्या अधिकाऱ्यांच्या अमलाखाली उत्सवांना सैन्याची मानवंदना मिळू लागली. मिशनरी खवळले. मद्रास सैन्याचे सरसेनापती सर पेरेग्रिन मेटलंड ह्यांनी तर १८३८ साली ह्याच प्रश्नावर पद सोडले. कंपनीने हात झटकले खरे, पण तेही ख्रिस्ती लोकमताच्या दडपणाखाली. म्हणजे देवळातून बाहेर पडतानाही सरकार धर्माच्याच सांगण्यावरून बाहेर पडले! तिरुपतीचे देवस्थान १८४३ मध्ये हाथीरामजी मठाच्या महंतांकडे गेले आणि १८६३ च्या कायद्याने ही माघार पुरी झाली. त्यानंतर भाविकांच्या पैशाला वाली उरला नाही. विश्वस्ताने देवाची जमीन गिळली तर दिवाणी न्यायालयाची पायरी चढावी लागे, आणि ती परवडणारे भाविक थोडेच होते.

पनगल मंत्रिमंडळाच्या १९२५ च्या कायद्याने हिशेब तपासणारे मंडळ नेमले. त्याच्या वैधतेविषयी शंका निघताच १९२७ मध्ये नवा कायदा करावा लागला. ‘धर्म बुडाला’ ही तेव्हाची ओरड बऱ्याच अंशी हितसंबंधांची होती. परंतु तिच्यात एक खरा प्रश्न दडलेला होता. ब्राह्मणवर्चस्वाविरुद्ध उभा राहिलेला पक्ष जेव्हा देवळाच्या वहीवर हात ठेवतो, तेव्हा त्या हाताला वहीपुरतेच कोण थांबवणार?

तो थांबला नाही, आणि प्रत्येक वेळी थांबायला हवा होता असेही म्हणवत नाही. १९३९ मध्ये मदुराईच्या मीनाक्षी मंदिरात अस्पृश्यांचा प्रवेश झाला तेव्हा राजगोपालाचारींच्या सरकारने कायद्याचे संरक्षण दिले नसते, तर प्रवेश घडवून आणणारेच आरोपी ठरले असते. त्याच सत्तेचे दुसरे टोक १९५४ मध्ये शिरूर मठाच्या खटल्यात दिसले. १९५१ च्या मद्रास कायद्यातील काही कलमे सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. मठांकडून घेतली जाणारी वार्षिक वर्गणी हा प्रत्यक्षात कर आहे, असे ठरवले. धर्माचे आवश्यक अंग कोणते हे त्या धर्माच्याच सिद्धांतांवरून ठरावे, असेही न्यायालयाने म्हटले. तत्त्व निर्दोष होते. मात्र ते लागू करायचे तर न्यायाधीशालाच आगम उघडून बसणे भाग होते. अर्चकांच्या नेमणुकीवरून १९७२ मध्ये नेमके तेच घडले. पुढे २०२१ साली तमिळनाडू सरकारने सर्व जातींच्या प्रशिक्षित अर्चकांची नेमणूक केली, तेव्हा वाद पुन्हा न्यायालयातच गेला.

मराठी वाचकाला हा इतिहास परका वाटू नये. पंढरपुरात विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी १९४७ मध्ये उपोषण केले. बडवे-उत्पातांचे वंशपरंपरागत हक्क रद्द करणारा कायदा १९७३ चा. त्यावरील खटला अखेर जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला आणि बडवे हरले. त्याच महिन्यात त्याच न्यायालयाने चिदंबरमच्या नटराज मंदिरावर तमिळनाडू सरकारने नेमलेला कार्यकारी अधिकारी दूर केला. गैरकारभार सुधारण्यासाठी घेतलेला ताबा तात्पुरताच असू शकतो, असे सांगून मंदिराचा कारभार पोदू दीक्षितरांकडे परत देण्यात आला.