लंडनचे निराश्रित आणि मुक्तिफौज

१९ सप्टेंबर १८८२ रोजीं मुंबई बंदरांत चार ख्रिस्ती प्रचारक उतरले. त्यांचे नायक फ्रेडरिक टकर हे पंजाबांतील सनदी नोकरी सोडून आलेले गृहस्थ होते. वाद्यें वाजवीत रस्त्यानें मिरवणूक नेल्याबद्दल पोलिसांनीं या मंडळीस लवकरच पकडलें, आणि ‘मुक्तिफौज’ हें नांव आपल्या इकडे गाजलें. फौजेचा ढोल व गणवेश पुष्कळांस ठाऊक असतो. परंतु ज्या लंडनांत तिचा जन्म झाला, तेथील उघड्यावर निजणाऱ्यांसाठीं तिच्या स्वयंसेवकांनीं काय केलें, हें थोड्यांसच माहीत असतें.

विल्यम बूथ या उपदेशकानें १८६५ सालीं पूर्व लंडनांत हें कार्य आरंभिलें. ‘फौज’ हें नांव त्यास १८७८ मध्यें मिळालें. फौजेचे अधिकारी अल्प वेतनावर राहत. सैनिक मात्र बिनपगारी असत. दिवसा कारखान्यांत किंवा कोणाच्या घरीं राबावें आणि संध्याकाळीं फौजेच्या कामास यावें, असा त्यांचा क्रम असे. प्रारंभीं सारा भर आत्म्याच्या उद्धारावर होता. पोटाचा प्रश्न मागाहून आला.

निराश्रितांसाठीं सरकारी सोय नव्हती असें नाहीं. अनाथगृहांत रात्रीपुरता आसरा मिळे. पण त्याचें मोल जबर होतें. १८८२ च्या कायद्यान्वयें, आंत गेलेल्या मनुष्यास तिसऱ्या दिवशीं सकाळीं नऊपर्यंत बाहेर पडतां येत नसे, व मधल्या दिवशीं त्यास खडी फोडावी लागे. इकडे गोदींतील रोजंदारीची भरती भल्या पहाटे होई. म्हणजे जो काम शोधूं इच्छी त्याचेंच काम बुडे! असा मनुष्य पुलाखालीं निजणें पत्करी, यांत नवल कसलें? त्याला आळशी म्हणणाऱ्या सभ्य लोकांनीं हें वेळापत्रक कधीं पाहिलें नसावें.

१८८७ च्या हिंवाळ्यांत बूथ रात्रीं उशिरां लंडन ब्रिजवरून घरीं येत असतां, पुलाच्या कोनाड्यांतून माणसें निजलेलीं त्यास दिसलीं. दुसऱ्या दिवशीं त्यानें आपला मुलगा ब्रॅमवेल यास, एखादी वखार मिळवून ती ऊबदार करण्यास सांगितलें. फार लाड मात्र करूं नयेत, अशीही ताकीद दिली. १८८८ सालीं लाइमहाउस भागांत अन्न व निवाऱ्याचें पहिलें ठाणें उघडलें.

पुढें अशीं ठाणीं वाढलीं. चार पेन्स दिले कीं रात्रीचें जेवण, निजण्यास जागा व सकाळची न्याहारी मिळे; ज्यापाशीं तेवढेही नसत त्यानें काम करून तें फेडावें. फुकट न देण्यांत घेणाऱ्याची लाज राखण्याचा विचार होता. बिछाने म्हणजे ओळीनें मांडलेल्या उघड्या लांकडी पेट्या; त्यांस कोणी शवपेट्याही म्हणत. पांघरुणास कातड्याचा तुकडा असे, कारण लोंकरींत उवा राहतात. हें काम नाजूक मनाच्या माणसाचें नव्हे.

१८९० सालीं बूथनें इंग्लंडांतील दारिद्र्यावर मोठा ग्रंथ लिहिला. त्यांतील एक विचार फार मार्मिक आहे. लंडनांतील भाड्याच्या गाडीचा घोडा रस्त्यांत पडला तर तो कां पडला याची चौकशी न करतां लोक त्याला उठवितात. त्याला दाणा, तबेला व काम मिळतें. माणसास निदान एवढें तरी मिळावें, असें त्याचें मागणें होतें. त्यासाठीं त्यानें एक लाख पौंड मागितले, व ते कांहीं महिन्यांतच जमले. थॉमस हक्स्ले यांनीं ‘टाइम्स’ पत्रांतून त्यावर कडक टीका केली. एका पुरुषाच्या आज्ञेंत वागणारी एवढी संस्था समाजास घातक ठरेल, हा त्यांचा आक्षेप क्षुल्लक नव्हता. पैशाबद्दलचा संशय मात्र १८९२ सालच्या चौकशी समितीनें दूर केला.

याहून अवघड प्रश्न प्रार्थनेचा आहे. निवाऱ्यांत जेवण व झोंप यांच्या मध्यें उपासनेची सभा भरे. धर्म पाहून जागा दिली जात नसे, हें खरें. परंतु बाहेर बर्फ पडत असतां आंत बसलेल्या भुकेल्या माणसाची मोकळीक ती कितीशी? मुक्तिफौजेचे चाहतेही या शंकेस पुरें उत्तर देत नाहींत.

तिच्या ‘गलिच्छ वस्तींतील भगिनीं’पुढें मात्र ही शंका लंगडी पडते. १८८४ च्या सुमारास या तरुणींनीं सर्वांत घाणेरड्या गल्ल्यांतून खोल्या भाड्यानें घेतल्या. आजाऱ्याची शुश्रूषा करावी, बाळंतिणीचें पोर न्हाऊं घालावें, दारुड्याच्या घरची जमीन गुडघे टेकून घासावी, असा त्यांचा दिनक्रम होता. फौजेचा गणवेश त्या तेथें वापरीत नसत. शेजारणींसारखेच जाडेभरडे कपडे घालून राहत.